चढाला रेस दिली की ४०७ दबते, रिपेर केली की आठ दिवसांनी परत तेच... शेवटी सापडलेलं कारण

माझी गाडी टाटा ४०७, म्हणजे छोटा मालट्रक, २००४ चं मॉडेल, ४९७ इंजिन, बिनटर्बोचं, इनलाईन पंपवालं (पंप म्हणजे दाबाने डिझेल देणारा, आणि नोझल म्हणजे ते इंजिनात फवारणारे). मार्केट यार्डातनं भुसार माल भरायचा, हडपसर गाडीतळावरनं सासवड रोड धरायचा, फुरसुंगी, वडकी करत दिवे घाट चढायचा आणि सासवड जेजुरीच्या दुकानांना साखर, डाळी, तेलाचे डबे टाकून येताना सीताफळ, अंजीर नाहीतर भाजीपाला जे सीझनला असेल ते घेऊन खाली यायचं, असा रोजचा धंदा आहे. म्हणजे माझी गाडी भरलेली असते तेव्हा बरोबर घाट चढत असते, आणि घाटातच ती दगा द्यायला लागली. ह्या एका तक्रारीमागे माझे आठ-नऊ महिने गेले, पंप खोलून झाला, नोझल झाले, आणि खरं कारण निघालं टाकीत. ज्यांची जुनी गाडी अशीच त्रास देतेय त्यांचे पैसे वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, जरा लांब होईल.

आधी तक्रार नक्की काय होती ते सांगतो, कारण मिस्त्रीकडे जाऊन नुसतं "गाडी ओढत नाही" म्हणलं तर तो बिचारा तरी काय करणार. मोकळी गाडी एकदम झकास पळायची. आयडलिंग सरळ, उभ्या गाडीला रेस दिली तरी सर्रकन वर जायची. लोड असला तरी वडकीपर्यंत काही जाणवायचं नाही. घाट लागला, तिसऱ्यात गाडी ओढायला लागली आणि पाय खाली दाबला की इंजिन उचलायच्या ऐवजी दबायचं, आवाज जाड व्हायचा, मधेच एक-दोन झटके, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाय थोडा वर घेतला की जरा सुधारायची. पूर्ण दाबला की मेली, अर्धा ठेवला की चालतेय. दुसऱ्यात टाकून रखडत रखडत वर जायचो, मागं गाड्यांची रांग, हॉर्न. वर सपाटीला आलं की परत काही झालंच नाही अशी चालायची.

आता धूर. हे सगळ्यात आधी बघायला पाहिजे आणि ड्रायव्हरला स्वतःला ते नीट दिसत नाही, त्यामुळे मागं कुणाला तरी बाईकवर घ्या आणि गाडी दबते त्या टायमाला सायलेन्सरचा व्हिडिओ काढायला सांगा. मी भाच्याला पाठवला होता. गाडी दबत असताना माझ्या गाडीला धूर जवळजवळ नव्हताच.

हे का महत्त्वाचं ते सांगतो. पेट्रोल गाडीला रेस दिली की हवेचा पडदा उघडतो, डिझेलला तसं नसतं, जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनात हवा मिळेल तेवढी आत जातच असते आणि तुम्ही पायाने फक्त डिझेल कमीजास्त करता. म्हणून डिझेल बरोबर जातंय पण हवा कमी पडतेय असं असेल तर न जळालेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर येणारच. आणि डिझेलच कमी पडत असेल तर जळायलाच काही नाही, मग धूर नाही आणि दमही नाही. काळा धूर असेल तर एअर क्लीनर, नोझल थेंब सोडतायत का, एक्झॉस्ट ब्रेकची पाती अर्धी अडकलीय का, आणि टर्बो असेल तर टर्बोपासनं मॅनिफोल्डपर्यंतचे हौज पाईप फाटलेत का हे बघायचं. पांढरा धूर आणि डोळ्याला झोंबणारा वास असेल तर टायमिंग, कॉम्प्रेशन, नोझल. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाहीये. एवढा एक भाग कळला की निम्मं काम झालं, आणि हे मला पहिल्या दिवशी माहिती असतं तर पंप खोलायला मी पाठवला नसता.

पहिला प्रकार दिवाळीच्या आधी झाला. आमचे हडपसरचे मिस्त्री, वयाने मोठे आहेत, मी काकाच म्हणतो, त्यांनी दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, टाकीतला पाईप वर काढून खालची जाळी साफ केली, एअर काढली, म्हणजे डिझेल लाईनमधली हवा बाहेर काढली. जाळीला बराच काळा चिकट गाळ होता. टाकीत डिझेल भरलं, दुसऱ्या दिवशी दोन टन माल घेऊन घाट चढलो, गाडी मस्त. मी काकांना फोन करून सांगितलं पण की काम झालं.

आठवड्याभरात परत तेच. म्हणलं नवीन फिल्टर पण चोक झाले काय, परत बदलले, परत बरी, परत बिघडली.

जानेवारीत एका ओळखीच्याने सांगितलं की पंप थकलाय, एलिमेंट (पंपातले डिझेल दाबणारे दट्टे) घासलेत, लोडला डिझेल देत नाही. पटण्यासारखं होतं कारण गाडी जुनी. पंप आणि चारही नोझल लॅबला, म्हणजे पंप-नोझल तपासून दुरुस्त करणाऱ्याकडं दिले. त्यांनी नोझल टिप बदलल्या, पंप टेस्ट बेंचवर लावून कॅलिब्रेशन करून दिलं, सगळं मिळून वीस हजाराच्या आसपास गेले आणि चार दिवस गाडी उभी. गाडी बसवली, टाकी फुल केली, लोड घेऊन ट्रायल, एकदम नवीन गाडीसारखी. खरंच फरक पडला होता, आयडलिंगचा आवाज पण मऊ झाला. आणि सहाव्या दिवशी दिवे घाटाच्या दुसऱ्या वळणाला परत दबली. त्या दिवशी मी गाडी बाजूला घेऊन अर्धा तास नुसता बसलो होतो, खाली मस्तानी तलाव दिसत होता, पण डोक्यात एकच, आता अजून काय बदलायचं.

मे महिन्यात फीड पंपाचा (टाकीतनं डिझेल ओढून मोठ्या पंपाकडं पाठवणारा छोटा पंप) किट, एअर क्लीनर, टॅपेट सेटिंग (इंजिनच्या वॉल्वची फट लावणं). परत तीच कथा. चार-पाच दिवस चांगली, मग दबणार.

कारणाचा धागा सापडला तो गॅरेजमध्ये नाही, घरी. आमच्याकडे डिझेलचा हिशोब बायको लिहिते, कुठल्या तारखेला किती लिटर, किती किलोमीटर. मी जेवताना बडबडत होतो की आज परत दबली, तर ती वही बघून म्हणाली, "अहो, तुम्ही गाडी दबली म्हणता ना, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी डिझेलची नोंद असतेच बघा. डिझेल टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी कधी दबल्याचं तुम्ही म्हणला नाहीत."

मी वही घेऊन बसलो आणि आठवतील तेवढ्या तारखा लावल्या. तंतोतंत. टाकी अर्ध्याच्या वर असली की गाडी चांगली, अर्ध्याच्या खाली आली की घाटात दबते. माझी टाकी साठ लिटरची, एरवी मी वीस-बावीस लिटर टाकत राहतो, फुल कधी करत नाही. फुल कधी केली? प्रत्येक रिपेरीनंतर. ट्रायलला निघायच्या आधी! फिल्टर बदलले, टाकी भरली, ट्रायल चांगली, आम्ही म्हणलं फिल्टर होता. पंप केला, टाकी भरली, ट्रायल चांगली, आम्ही म्हणलं पंप होता. गाडी सुधारत होती ती भरलेल्या टाकीमुळे आणि क्रेडिट जात होतं नवीन पार्टला. मला वाटतं पुन्हा पुन्हा येणाऱ्या अशा तक्रारीत कितीतरी लोकांचे पैसे असेच जात असतील, कारण काम झाल्यावर डिझेल भरूनच बाहेर पडायची सगळ्यांनाच सवय असते. त्यामुळे तक्रार ज्या परिस्थितीत येते, तेवढंच डिझेल, तेवढाच लोड, तोच चढ, त्याच परिस्थितीत ट्रायल घ्या, नाहीतर ट्रायलला काही अर्थ नाही.

अजून एक गोष्ट तेव्हा जुळली. टाकी कमी असायची तेव्हा सकाळी स्टार्टिंगला वेळ लागायचा, मोटर जास्त मारावी लागायची, कधी कधी हँड पंप (हाताने डिझेल ओढायचा) चार-सहा वेळा मारला की मग घ्यायची. मी समजत होतो बॅटरी. खरं तर ही एअर घेण्याची खूण आहे. लाईनमध्ये कुठून तरी हवा शिरत असेल तर रात्रभर गाडी उभी राहिली की पाईपमधलं डिझेल हळूहळू परत टाकीत उतरतं आणि सकाळी पंपापर्यंत लाईन रिकामी. बाहेर थेंबभर पण डिझेल गळताना दिसत नाही, कारण फीड पंपाच्या अलीकडच्या बाजूला ओढ असते, दाब नसतो, तिथं भोक असेल तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. म्हणून "कुठं लीक नाही, सगळं कोरडं आहे" ह्यावर विश्वास ठेवू नका.

मग काकांकडे वही घेऊन गेलो. ते म्हणाले, "हे आधी का नाय सांगितलं रे? चल, आता पार्ट बदलायचा नाही, आधी शोधायचं." आणि आम्ही काय काय केलं ते सांगतो, ह्याच क्रमाने करा कारण सुरुवातीचं सगळं फुकटातलं आहे.

रेसचा लिव्हर बघितला. एकाने केबिनमध्ये पाय पूर्ण दाबायचा आणि दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्टॉपरला टेकतोय का ते बघायचं. केबल लांबली असेल, पायाखालचं मॅट अडत असेल तर लिव्हर पाऊणच जातो आणि लोक पंप खोलतात. माझा टेकत होता. मग गाडी पळवून आणून चारही चाकांच्या ड्रमला हात लावून बघितला, एखादा जास्त गरम असेल तर ब्रेक चिकटलाय, हात जपून, आधी जवळ नेऊन धग बघा मग लावा. क्लचचं तर लगेच कळतं, क्लच स्लिप असेल तर इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी पुढं जात नाही, माझं उलट होतं, इंजिनच बसत होतं.

नंतर टाकीचं झाकण. झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं, ते धुळीने बुजलं किंवा कुणी बिनभोकाचं लोकल झाकण बसवलं की डिझेल जसं कमी होतं तशी टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला डिझेल खेचता येत नाही. हे तपासायला सोपं, गाडी दबली की बाजूला घ्या, झाकण उघडा, फुस्स आवाज आला आणि नंतर गाडी सरळ चालली तर झाकणच. एक फरक लक्षात ठेवा, झाकणाची तक्रार असेल तर गाडी बरीच चालल्यावर येते आणि झाकण उघडलं की लगेच जाते. माझ्या गाडीला आवाज आला नाही, झाकण ढिलं ठेवून घाट चढलो तरी दबली.

मग पारदर्शक पाईप. टाकीकडून येणारी लाईन जिथं फीड पंपाला जोडते तिथं मधे वीतभर जाड पारदर्शक पाईप, डिझेलला टिकणारा घ्या, साधा पाण्याचा नळीवाला नको, दोन्हीकडं चांगल्या क्लिपा आवळून बसवला. टाकी मुद्दाम पंधरा लिटरवर आणली होती. आयडलिंगला डिझेल स्वच्छ, एकही बुडबुडा नाही. उभ्या गाडीला रेस दिली तर अधूनमधून मोहरीएवढा बुडबुडा. रेस वर धरून ठेवली तर बुडबुड्यांची माळच सुरू झाली. आठ महिन्यांत पहिल्यांदा तक्रार डोळ्याने दिसली, मला तर तिथंच हायसं वाटलं.

पण बुडबुडे दिसले म्हणजे हवा कुठून येतेय ते कळत नाही. टाकीपासनं फीड पंपापर्यंत किती जोड आहेत बघा, टाकीतला पाईप, टाकीवरचा बँजो बोल्ट (पाईप जोडायचा पोकळ बोल्ट), त्याचे दोन कॉपर वायसर, चेसीवरनं जाणारी लोखंडी लाईन, रबरी हौज, त्याच्या क्लिपा, फीड पंपाची बाऊल असेल तर तिचं रबर. कॉपर वायसर एकदा दाबले गेले की परत वापरायचे नसतात, पण आपण सगळे तेच उलटे करून टाकतो. रबरी हौजचं पण असं असतं की बाहेरून चांगला दिसतो आणि आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो, ओढ वाढली की तोच आडवा येतो. म्हणून काकांनी डबा लावला.

डबा टेस्ट म्हणजे गाडीची टाकी बाजूला ठेवायची आणि पाच लिटरच्या स्वच्छ डब्यातनं नवीन पाईपने थेट फीड पंपाला डिझेल द्यायचं. ह्यात तीन गोष्टी लोक चुकतात. पहिली, परतीचा पाईप पण त्याच डब्यात सोडायचा. पंपाला लागतं त्यापेक्षा जास्त डिझेल येतं आणि उरलेलं परत जातं, परतीचा पाईप टाकीत राहिला तर डबा बघता बघता रिकामा होऊन भर घाटात गाडी बंद पडेल आणि एअर काढत बसाल. दुसरी, डबा उंच बांधायचा नाही. केबिनच्या टपावर बांधला की डिझेल आपोआप खाली येतं, मग फीड पंप कमजोर असला तरी गाडी छान चालते आणि तुम्ही उगाच टाकीला दोष देता. डबा टाकीच्याच उंचीला बांधा. तिसरी, डबा केबिनमध्ये ठेवू नका आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा, वर झाकण लावून पाईपला दोन भोकं पाडा, हिंदकळून डिझेल रस्त्यावर सांडलं तर मागनं येणारा टू व्हीलरवाला घसरेल.

आम्ही चेसीला टाकीशेजारीच डबा बांधला, दोन टन लोड तसाच होता, आणि निघालो. वडकी सोडली, घाट लागला, पहिलं वळण, दुसरं वळण, तिसऱ्यात पाय पूर्ण खाली. गाडी ओढत होती. काका शेजारी बसले होते, काही बोलले नाहीत, नुसतं बोटाने पुढं दाखवलं, चल म्हणून. वरपर्यंत कुठंच दबली नाही. पालखीच्या टायमाला ह्याच घाटात माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात, एवढा तो चढ आहे, आणि माझी वीस वर्षांची गाडी पाय दाबून वर गेली. म्हणजे पंप चांगला, नोझल चांगले, फिल्टर चांगले, फीड पंप चांगला. तक्रार टाकी ते फीड पंप ह्या टप्प्यातच, आणि ती ठरवायला खर्च आला डबा आणि दोन मीटर पाईपचा.

आता कुणाची गाडी डबा लावूनही दबत असेल तर मग पुढं जा. फीड पंपाची बाहेरची लाईन सोडून मोटर मारा आणि बाटलीत डिझेल कसं येतं बघा, जोरात धक्क्याधक्क्याने यायला पाहिजे. प्रेशर गेज असेल तर फिल्टरच्या पुढं लावून लोडला बघा, ह्या इनलाईन पंपांना साधारण एक ते दीड बार लागतं, लोडला ते खाली बसत असेल तर फीड पंपाचे वॉल्व, फिल्टर नाहीतर परतीचा ओव्हरफ्लो वॉल्व. ओव्हरफ्लो वॉल्वची स्प्रिंग मेली असेल तर दाब टिकतच नाही, छोटी वस्तू आहे पण कुणी बघत नाही. एखादा सिलिंडर मारत नाही असा संशय असेल तर आयडलिंगला एकेका नोझलचा नट ढिला करून फरक बघतात, पण हातमोजे आणि चष्मा घालूनच, हात जवळ धरू नका. नोझलच्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत घुसतं, वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आत बोट खराब होतं, असं झालं तर घरी न थांबता सरळ हॉस्पिटल. आणि पंप लॅबला सगळ्यात शेवटी.

माझ्याकडं परत येतो. लाईन एकेक बदलत बसण्यापेक्षा काकांनी आधी टाकीतला पाईप वर काढला कारण वहीतली खूण सरळ तिकडं बोट दाखवत होती. जोडातनं हवा येत असती तर टाकी भरलेली असताना पण थोडीफार आलीच असती, पण माझी तक्रार तर डिझेलच्या लेव्हलला बांधलेली होती. हा पाईप टाकीच्या वरच्या झाकणपट्टीतनं उभा खाली जातो आणि तळाला जाळी असते. दिवाळीला आम्ही हाच काढला होता पण तेव्हा फक्त जाळी बघितली, पाईपकडं कुणाचं लक्षच नाही. आता काकांनी जाळीकडचं तोंड अंगठ्याने बंद केलं, पाईप पाण्याच्या बादलीत आडवा बुडवला आणि वरच्या तोंडातनं फुंकलं. मधोमध, जिथं आधाराची पट्टी वेल्ड केलेली असते त्या वेल्डच्या कडेला, गंजून बारीक चीर गेली होती. नुसत्या डोळ्याला दिसत नव्हती, नख फिरवलं तर लागायची.

आणि मग सगळं जुळलं. टाकी अर्ध्याच्या वर असेल तर चीर डिझेलमध्ये बुडालेली, तिच्यातनं आत येतं ते पण डिझेलच, काही तक्रार नाही. लेव्हल चिरेच्या खाली गेली की तिथनं हवा. आयडलिंगला, मोकळ्या गाडीला डिझेलची ओढ कमी, हवा पण नगण्य, पंप सांभाळून घेतो. घाटात पाय दाबला की डिझेल जास्त लागतं, ओढ वाढते, हवा जास्त शिरते, पंपाला डिझेलच्या जागी फेस मिळतो आणि गाडी दबते. पाय वर घेतला की ओढ कमी, म्हणून सुधारायची. वरनं जाळी थोडी चोक झाली की खालून डिझेल यायला अडचण, मग चिरेतनं अजून जास्त हवा, म्हणून दिवाळीला जाळी साफ केल्यावर थोडे दिवस खरंच फरक पडला होता. शिवाय माझ्या टाकीत हा पाईप पुढच्या अंगाला आहे, चढाला डिझेल मागं सरकतं, त्यामुळे सपाट रस्त्याला अर्धी टाकी असली तरी घाटात पाईपापाशी लेव्हल अजून खाली जाते. सपाटीला आलं की बरी का व्हायची ते पण कळलं.

पाईप नाना पेठेत मिळाला. ४०७ ही १९८६ पासून आपल्याकडं बनतेय त्यामुळे पार्टला अजून तरी मरण नाही, आठशे रुपयांच्या आत पाईप, जाळी, पॅकिंग, नवीन कॉपर वायसर आणि दोन्ही रबरी हौज सगळं आलं. जुन्या पाईपला ब्रेझिंग मारून (पितळ वितळवून चीर बुजवून) चालवता येतं असं एकजण म्हणाला, पण शेजारीच परत चीर जाईल म्हणून नवीनच घेतला. पाईप टाकीतच पक्का असेल अशा गाड्या पण असतात, तिथं टाकीसकट वेल्डिंग करायचा मोह होतो, तर तसं करू नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, टाकी उतरवून नीट धुवून हे काम करणाऱ्याकडंच द्या.

टाकी उतरवलीच होती म्हणून आतून धुतली. तळाला गंजाचा चुरा आणि काळा गाळ निघाला, खाली पाणी पण होतं थोडं. टाकी कायम अर्धी ठेवली की वरच्या मोकळ्या पत्र्याला आतून दव धरतं आणि तेच पाणी तळाला साठतं, विशेष करून पावसाळ्यात आणि थंडीत. आता मी रात्री गाडी लावताना टाकी शक्यतो भरलेली ठेवतो आणि पंधरा दिवसांनी फिल्टरच्या खालचा बोल्ट ढिला करून पाणी काढतो.

बसवताना एअर नीट काढा. हँड पंप मारत राहायचं, आधी फिल्टरवरचा बोल्ट ढिला करून फेस जाऊन सलग डिझेल आलं की आवळायचा, मग पंपावरचा. घाई केली तर थोडी एअर राहते आणि पहिल्या दिवशी गाडी दबली की वाटतं काम झालंच नाही.

ह्या वेळी ट्रायल मी टाकी भरून घेतली नाही. मुद्दाम दहा-बारा लिटर ठेवलं, पारदर्शक पाईप तसाच राहू दिला, साखरेची चाळीस पोती भरली आणि घाट चढलो. भाचा बाईकवर शेजारनं येत होता, वर जाऊन दोघांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून रेस धरली, पाईपमध्ये एक बुडबुडा नाही. नंतर पारदर्शक पाईप काढून नवीन हौज लावला कारण तो कायमचा ठेवायची वस्तू नाही, उन्हाने आणि इंजिनच्या गरमीने कडक होऊन तडकतो.

आता अडीच महिने झाले. मुद्दाम दोन-तीनदा काटा खाली आल्यावर लोड घेऊन गेलो, सकाळी अर्ध्या मोटरला गाडी घेते, घाटात तिसऱ्यातच वर जाते. टाकी धुतली तरी लाईनमध्ये थोडा गंज राहिला असेल म्हणून आत्ताचे फिल्टर पूर्ण किलोमीटर होईपर्यंत ठेवणार नाही, पुढच्या महिन्यात काढून कापून बघणार आहे, आत लाल चुरा दिसला तर चेसीवरची लोखंडी लाईन पण बदलून टाकेन.

कुणाला अशीच तक्रार असेल तर मला विचारताना गाडीचं मॉडेल, पंप इनलाईन आहे का रोटरी, टर्बो आहे का, दबताना धूर कुठला येतो आणि त्या टायमाला टाकीत डिझेल किती होतं एवढं नक्की लिहा. रोटरी पंपवाल्यांनी तर एअरच्या तक्रारीत अजिबात गाडी रेटू नका, तो पंप आतून डिझेलवरच ऑईलिंग होतो, त्यात हवा गेली की पंप खरोखरच खराब होईल.